एडका गेला, दाढी राहिली

आमच्या मेंढ्या वर्षातून दोनदा कातरल्या जायच्या आणि मी रोज. आज हे हसत लिहिते, पण बारावीत असताना हनुवटीवर राठ काळे केस यायला लागले तेव्हा हसू येत नव्हतं. आईने हळद-बेसन चोळून चोळून माझी हनुवटी सोलून काढली, केस काही हटले नाहीत. मी स्कार्फ बांधला, तो घरातसुद्धा सोडेना. घनसावंगीच्या कॉलेजचं नाव काढलं की मी काहीतरी निमित्त काढून घरीच राहायचे.

दादा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखतात. बोलणं कमीच, आणि ते बहुतेक मेंढरांशी. त्या दिवसांत ते माझ्याकडे बघायचंच टाळायचे. मला वाटलं, त्यांना माझी लाज वाटते. मीही तापट, मी बोलणंच टाकलं. त्यातच कळपातला सगळ्यात देखणा एडका दिसेनासा झाला. विचारलं तर म्हणाले, "इकला."

शेवटी आईने दटावून आम्हा दोघांना जालन्याच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला रिपोर्ट पुढे ठेवून त्यांनी दादांना विचारलं, "बोकडाचा गुर्दा पाहिलाय ना?"

"पाह्यला की. त्याच्याजवळ चरबीत एक बारकी गाठ बी असती."

बाई खूश झाल्या. तीच अॅड्रिनल ग्रंथी, म्हणाल्या. माणसाला दोन असतात, दोन्ही गुर्द्यांच्या, म्हणजे मूत्रपिंडांच्या, माथ्यावर. तिच्या सालीत तीन थर. एक अंगातलं मीठ सांभाळतो, दुसरा ताण सोसायला लागणारं कॉर्टिसॉल बनवतो, आणि सगळ्यात आतला बनवतो अँड्रोजेन, ज्याला लोक पुरुषी हार्मोन म्हणतात. ते प्रत्येक बाईच्या अंगात थोडं असतंच. तुमच्या पोरीत कॉर्टिसॉल बनवायला लागणारं एक एन्झाइम कमजोर आहे. मेंदू 'आणखी बनव' म्हणून ग्रंथीला रेटत राहतो, आणि अडलेला माल अँड्रोजेनच्या वाटेला लागतो.

दादांनी जरा विचार केला. "म्हंजी एका सरीचं तोंड बुजलं अन् मोटर चालूच. मंग पाणी बाजूच्या सरीत घुसनारच."

"बरोबर," बाई हसल्या. "गोळी देऊन मोटर जरा हळू करू."

मी उठले, तर दादा हलेनात. मान खाली घालून त्यांनी विचारलं, "मॅडम, बापानं देवाला पोरगा मागितल्ता अन् पोरगी झाली, तर ते मागणं असं तिच्या अंगावर फुटतं का?"

मग सगळं बाहेर आलं. मी पोटात असताना मुलगा व्हावा म्हणून दादांनी कुळदेवाला एडका कबूल केला होता. झाली मुलगी, नवस तसाच राहिला. माझी दाढी बघून त्यांना वाटलं, देवाने मागणं अर्धंमुर्धं पुरवलं, एडका मात्र मिळाला नाही, म्हणून तो पोरीवर कोपला. एडका विकला नव्हता, देवाला दिला होता. एडका गेला, दाढी राहिली.

"बिलकुल नाही हो," बाई म्हणाल्या. "हे जन्मापासूनचं आहे, आईबापाकडून निम्मं निम्मं आलेलं. कुणाचीच चूक नाही."

बसस्टँडवर आम्ही चहा घेतला. मला एडक्याचं वाईट वाटत होतं, आणि त्या न झालेल्या पोराचा रागही येत होता.

"तुम्हाला पोरगा पाहिजे होता," मी म्हणाले.

दादांनी बशी खाली ठेवली. "मागितला, खरंय. पर तव्हा तू येऊन राह्यली, हे मला कुठं म्हाईत व्हतं, माय?"

मी भर स्टँडात स्कार्फ सोडला. कितीतरी महिन्यांनी दादांनी माझ्याकडे नीट बघितलं, हनुवटीसकट, आणि आपली बशी माझ्याकडे सरकवली.