लायनेलचं उलटं ताट

गेल्या महिन्यात लायनेल प्रॅटच्या मुलीचा फोन आला. "डॅड गेले. काकूंना तुम्हीच सांगा," एवढंच ती म्हणाली. मी पिस्कॅटवेला माझ्या काकूच्या घरी जाऊन तिला सांगितलं. तिने टीव्हीचा आवाज बंद केला आणि विचारलं, "शेवटपर्यंत जेवत होता ना रे नीट?"

ऐंशीच्या दशकात लायनेल माझ्या काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत असे. तो व्यावसायिक बास्केटबॉलमधला गार्ड होता, म्हणजे चेंडू पुढे नेणारा आणि चाल ठरवणारा खेळाडू. मी वरच्या मजल्यावर राहून विद्यापीठात शिकत होतो आणि गावातल्या वर्तमानपत्राला सामन्यांच्या बातम्या देत होतो. दोन संघांनी लायनेलला काढून टाकलं होतं. कारण एकच, तो नेहमी उजवीकडेच वळायचा. उजवी बाजू अडवली की त्याचा खेळ संपला. आता आणखी एक संधी मिळाली तर मिळाली... त्या उन्हाळ्यात त्याने उजवा हात वापरायचाच नाही असं ठरवलं. दात घासणं, कुलूप उघडणं, फोन फिरवणं, सगळं डाव्याने. उजवा हात खिशात.

रविवारी तो वर जेवायला येई. एका रविवारी त्याने डाव्या हाताने पोळी तोडली आणि काकू वाढता वाढता थांबली.

"लायनेल, आमच्याकडे डाव्या हाताने जेवत नाहीत."

"काकू, माझा जॉब या हातावर आहे."

काका म्हणाले, "अगं, आपला पुतण्या दोन्ही हातांनी काही करत नाही, त्याला घालतेसच ना जेवायला?"

काकू हसली नाही. पण पुढच्या रविवारी लायनेलचं ताट वेगळं होतं. चटणी, कोशिंबीर, लिंबू उजवीकडे आणि भाजी, आमटी डावीकडे. जन्मात तिने असं ताट वाढलं नव्हतं. "टीममध्ये पक्का होईपर्यंतच हं," तिने बजावलं. "मग मुकाट्याने उजव्या हाताने जेवायचं."

"डील," लायनेल म्हणाला.

हिवाळ्यात एका संघाचा गार्ड जखमी झाला आणि लायनेलला दहा दिवसांचा करार मिळाला. दहा दिवसांत संघाला पटलं तर पुढे, नाही तर घरी. नऊ दिवस तो बहुतेक बाकावरच बसला. दहाव्या दिवशी प्रशिक्षकाने शेवटच्या मिनिटांत त्याला उतरवलं. संघ एका गुणाने मागे, घड्याळात काही सेकंद. मी पत्रकारांच्या टेबलाशी होतो. समोरचा खेळाडू लायनेलच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्यांच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ही ओन्ली गोज राइट!" लायनेल डावीकडे गेला. डाव्या हाताने उचललेला चेंडू फळ्यावर आपटून बास्केटमध्ये पडला आणि भोंगा वाजला. सगळं स्टेडियम उभं राहिलं होतं.

करार मोसमभराचा झाला, मग त्यापुढचा, आणि काही वर्षांत तो त्या संघाचा पहिल्या पसंतीचा गार्ड होता. त्या सामन्याच्या बातमीत मी गडबडीत 'डावखुरा गार्ड' लिहून बसलो. चूक होती, दुरुस्ती छापणं भाग होतं. लायनेल म्हणाला, "डोन्ट यू डेअर." कात्रण त्याने बेसमेंटच्या फ्रिजवर लावलं.

त्या सामन्यानंतरच्या रविवारी काकूने ठरल्याप्रमाणे सरळ ताट वाढलं. लायनेलने उजव्या हाताने घास घेतला आणि आमटी शर्टावर सांडली. सवय मोडली होती. काकूने ताट अर्धं फिरवून पुन्हा त्याच्यासमोर ठेवलं. तो जेव्हा जेव्हा आला, लग्न झाल्यावर, निवृत्त झाल्यावर, गुडघे गेल्यावर, तेव्हा त्याचं ताट तसंच राहिलं.

मागच्या रविवारी काकूकडे गेलो होतो. काका गेल्यापासून ती एकटीच असते. तिने माझं ताट समोर ठेवलं. भाजी डावीकडे, चटणी उजवीकडे... "अगंबाई," म्हणत तिने हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे. आणि डाव्या हाताने जेवायला लागलो. दुसऱ्याच घासाला आमटी शर्टावर आली.

काकूने टेबलावरचं फडकं माझ्याकडे सरकवलं. "त्यालाही एक उन्हाळा लागला होता," ती म्हणाली.