घाटात दिलेली पिशवी

जेवणं झाली की सराफ गल्ली पेंगायला लागते. समोरच्या भांड्यांच्या दुकानातला पंखा तेवढा करकरतो, बाकी सगळं निपचित. कुंदा उदावंत शटर अर्ध्यावर ओढते, गादीवर येऊन लोडाला पाठ टेकते आणि डोळे मिटते. झोप येत नाही, आणि जागही नीट राहत नाही. हल्ली तिचं असंच होतं. डोळे मिटले की पापण्यांच्या आत अजून झणझणतं.

महिन्याभरापूर्वी ती दुकान बंद करत होती. दिवेलागण होऊन गेली होती. मोटारसायकलवरून दोघं आले, मागच्यानं तिच्या तोंडावर तिखटाची मूठ फेकली आणि हातातली पिशवी हिसकली. पिशवीत चांदीचे पैंजण, जोडवी आणि जेवणाचा डबा होता. गेलं ते फार नव्हतं. पण तेव्हापासून शटरला हात लावताना तिचा हात कापतो, आणि गल्लीत मोटारसायकल हळू झाली की ती आत सरकते.

म्हणून तिच्या धाकट्या दिरानं, विलासनं, विषय काढला. "वहिनी, दादाचं रिव्हॉल्व्हर ठाण्यात पडून आहे. परवाना तुमच्या नावावर करून घेऊ. पर्समध्ये असलं म्हणजे जवळ यायची कुणाची छाती होणार नाही."

रिव्हॉल्व्हर तिच्या नवऱ्याचं. अंबादास उदावंत घाटापलीकडच्या बाजाराच्या गावी दर आठवड्याला दागिने घेऊन जायचा, तेव्हा ते त्याच्या उजव्या कमरेला असायचं. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर तो गेला, झोपेतच, आणि विलासनं ते पोलिसांकडे नेऊन जमा केलं. आता घ्यायचं की नको, ते आज सांगायचंय. विलास दुपार कलताना येणार आहे. कुंदानं मनात ठरवून टाकलंय. घ्यायचं.

शटरखालून उन्हाची पट्टी आत आली आहे. बघता बघता ती पाण्यासारखी गादीवर पसरते. आतल्या खोलीतून शेगडी फुंकल्याचा आवाज येतो. कुंदाला वाटतं, कारागीर लवकर आला वाटतं जेवून. मग तिच्या लक्षात येतं, कारागीर तर गावाला गेलाय.

"अगं, कोळसे दमट आहेत सगळे," आतून अंबादास म्हणतो. "आणतेस कुठून हल्ली?"

तो फुंकणी हातात घेऊन बाहेर येतो. अंगात तोच पांढरा शर्ट, कपाळावर घाम. कुंदाला दचकायला होत नाही. उलट इतका वेळ हे कुठं होते, असाच राग येतो.

"अहो, जेवलात का?"

"जेवलो. तू कुठं जेवलीस? डबा तर तसाच आहे."

तो शेजारी टेकतो. नेहमी गादीच्या उजव्या कडेला बसायचा, कमरेचं ते टोचू नये म्हणून. आज मध्येच, मांडी घालून ऐसपैस बसला आहे. कुंदाची नजर त्याच्या कमरेकडे जाते. शर्ट सपाट पडला आहे.

"नाही गं तिथं काही," तो हसतो. "हात लावून बघ."

ती हात लावत नाही. "मी आणणार आहे ते परत. विलासभावजी येतायत."

"बरं."

"बरं काय? नुसतं बरं?"

"चल जरा," तो म्हणतो, आणि उठतो.

दुकानाची पायरी उतरताच घाट लागतो. कुंदाला त्याचं नवल वाटत नाही. ती मोटारसायकलवर त्याच्या मागं बसली आहे, वाऱ्यानं पदर फडफडतो आहे, पण गाडीला आवाज नाही. दोन्हीकडे घायपात आणि बाभळी. वळणावर तिघं उभे आहेत. एस.टी.ची वाट बघणाऱ्या माणसांसारखे, शांत. त्यांना चेहरे नाहीत. एकाच्या हातात कोयता आहे.

हे वळण तिनं कधी पाहिलेलं नाही, पण ओळखते. इथंच कितीतरी वर्षांपूर्वी अंबादासला अडवलं होतं. कमरेला भरलेलं रिव्हॉल्व्हर असताना त्यानं दागिन्यांची पिशवी मुकाट काढून दिली होती आणि जिवंत घरी आला होता. पुढं कित्येक दिवस गावाला तो विषय पुरला. पिठाच्या गिरणीत बाया कुंदाला ऐकू जाईल अशा बोलायच्या, की उदावंतांचं हत्यार फक्त दसऱ्याच्या पूजेपुरतं आहे. अंबादासला ते कळलं होतं. तिलाही कळलं होतं. दोघांनी घरात त्यावर कधी शब्द काढला नाही.

"तुम्ही ते काढलं का नाहीत?" ती आता विचारते.

अंबादास गाडीवरून उतरतो, कोयतेवाल्याच्या समोर जाऊन उभा राहतो आणि मागं वळून तिच्याशी बोलतो, गिऱ्हाइकाला घडाई समजावून सांगावी तसा.

"तुझी आठवण आली, आपल्या लेकीची, केतकीची आली, असं सांगितलं तर खोटं होईल. काही आठवलं नाही. एवढंच दिसलं, की ह्याचा कोयता माझ्या मानेपासून वीतभर आहे, आणि माझा हात कमरेपासून हातभर लांब. मग शर्ट वर करा, कव्हरचं बटण काढा, मग ते बाहेर. सोनार आहे मी, कुंदा. अंतर आणि वजन डोळ्यांनीच कळतं. जमणार नव्हतं."

"मग जन्मभर ते कमरेला लावून काय मिळवलंत?"

"तेच तर." तो बाभळीला टेकतो. "ते असलं की मी बाजार उठेपर्यंत थांबायचो. वाटायचं, आपल्याला काय भ्यायचंय. बाकीचे सराफ ऊन असतानाच्या गाडीनं निघून जायचे. माझ्याकडे ते नसतं, तर मीही त्यांच्याबरोबर गेलो असतो आणि ह्या तिघांना मी दिसलोही नसतो. त्यानं मला घाटातून सोडवलं नाही. घाटात आणलं मात्र त्यानंच."

"आणि चोर आपल्या घराची मागची भिंत फोडत होते तेव्हा? तुम्ही खिडकीतून बार काढलात आणि ते पळाले. तेव्हा मी होते घरात. मी पाहिलंय."

"पळाले," अंबादास म्हणतो. "ते कसं नाही म्हणू? त्या दिवशी ते कामाला आलं. पण मध्ये भिंत होती. आवाज ऐकू येत होता, मला वेळ होता, हात मोकळे होते. प्रत्येक वेळी चोर आधी भिंत फोडून वर्दी देतो का?"

कुंदा वळणावरच्या त्या तिघांकडे बघते. तो बोलला ते तिला पटत नाही असं नाही, पण भीती पटण्या न पटण्यानं जात नाही. ती तशीच आहे.

"तुम्हाला काय जातंय सांगायला," तिला एकदम रडू फुटतं. "तुम्ही सुटलात. एकटी मी आहे त्या शटरपाशी. रोज."

अंबादास जवळ येतो. आता घाट नाही. दुकानापुढचा ओटा आहे, दिवे लागले आहेत, आणि ती खाली पडली आहे. डोळे उघडत नाहीत. तो तिच्या पाठीशी उकिडवा बसला आहे.

"सांग मला," तो हळू म्हणतो. "तिखट गेलं डोळ्यांत. मग?"

"मग काही दिसेना. सगळं लाल आणि काळं."

"मग?"

"मग कुणीतरी माझा दंड धरला. मला वाटलं, परत आले. मी पायातली चप्पल काढली आणि दिसेल तिथं हाणली. दिसत कुठं होतं! नुसती हाणत सुटले."

"कुणाला लागली?"

आता तिला दिसतं. ओट्यावर शेजारचे रफिकभाई उभे आहेत, गळ्यात मोजपट्टी तशीच. शिलाई टाकून सगळ्यांत आधी धावून आले होते ते. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसरा हात गालावर. गालावर चपलेचा लाल वळ. "कोई बात नहीं, भाभी," ते म्हणतायत, "आधी डोळे धुवा, चोळू नका."

"रफिकभाईंना," ती म्हणते.

"तेव्हा हातात चप्पल होती."

कुंदा आपल्या हाताकडे बघते. त्या संध्याकाळी तिच्या हातात जे असेल ते तिनं वापरलंच असतं. रफिकभाईंची बायको, त्यांच्या दोन मुली, शेजारच्या दुकानातलं रोजचं ते शिलाईयंत्र, सगळं तिच्या डोळ्यांपुढून जातं. ती रफिकभाईंकडे बघते. ते तांब्या पुढं करतात. ती ओंजळ धरते. पाणी इतकं गार असतं, की पापण्यांच्या आतली झणझण एकदम निवते.

ओंजळीतून तोंड वर करते तो मांडवात सनई वाजते आहे. केतकीचं लग्न. अंबादासनं फेटा बांधला आहे, आणि मुलीचा हात जावयाच्या हातात देताना त्याची हनुवटी थरथरते आहे. हे घाटातल्या त्या संध्याकाळनंतरचं. त्यानंतरचंच सगळं. त्यानंतर त्यानं बाजार करणं सोडलं, रिव्हॉल्व्हर कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलं, आणि घरी राहायला लागला. त्यानंतर दोघं पहिल्यांदा समुद्र बघायला गेली. त्यानंतर नात झाली. केतकी लहान असताना तो तिला फक्त डाव्या कडेवर घ्यायचा. उजवीकडे ते असायचं. नातीला मात्र त्यानं दोन्ही कडेवर मिरवलं, हात भरून आला की कड बदलायचा. कुंदाला ते आता दिसतं, मांडवाच्या कडेनं तो तसाच चालला आहे, पोरगी ह्या कडेवरून त्या कडेवर.

हे सगळं त्या वळणावर एका क्षणात जाणार होतं. गेलं नाही. गावानं ज्याला हसून घेतलं, त्यातून हे सगळं आलं, आणि ते तिच्या पदरात पडलं.

"अहो," ती हाक मारते. मांडव नाही. रानात दोघं बसली आहेत, बांधाच्या आडोशाला, कोवळं ऊन आहे. समोर गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची हिरवी कणसं भाजतायत. "अहो, ऐका ना."

"बोल."

नवऱ्याचे आभार कसे मानतात, ते तिला कुणी शिकवलेलं नाही. इतकी वर्षं संसार झाला, तो शब्द घरात कधी लागलाच नाही. ती जमिनीकडे बघत म्हणते, "पिशवी दिलीत ते बरं केलंत."

अंबादास तिच्याकडे बघतो. त्याला फार बरं वाटलं की तो असा काही न बोलता नुसता बघायचा.

"कुणीच म्हणालं नव्हतं गं असं," तो म्हणतो.

"मी म्हणतेय ना."

तो गरम कणीस तळहातावर घेतो, चोळतो, फुंकर मारून भुसा उडवतो आणि हुरडा तिच्या हातावर ओततो. "खा. जेवली नाहीस तू. आणि त्या रिव्हॉल्व्हरचं तुझं तू ठरव. मी मेलेला माणूस, मला कुणाचं भय? जगायचंय तुला. जगता येईल असं ठरव."

"तुम्ही थांबा थोडं."

"थांबलोय की. तू खा आधी."

ती मूठ तोंडात टाकते. हुरडा कोवळा आहे, दुधाळ, धुराचा वास असलेला. ती डोळे मिटून खाते. कुणीतरी पत्र्यावर थाप मारतं. पुन्हा मारतं.

"वहिनी! ओ वहिनी!"

शटरवर विलास थापा मारतो आहे. उन्हाची पट्टी भिंतीवर चढली आहे. कुंदा उठते, केस सारखे करते आणि शटर वर ढकलते. शटर पूर्ण वर जातं तेव्हा तिच्या लक्षात येतं, हात कापला नाही.

"चला," विलास म्हणतो. "साहेब भेटतील आत्ता गेलो तर."

"चला. पण भावजी, आपल्याला ते नकोय. तेवढंच सांगून यायचं. त्यांच्याकडेच राहू द्या."

विलास तिच्या तोंडाकडे बघत राहतो. "सकाळी तर हो म्हणालात. आणि परत आले ते लोक, तर?"

"दिवेलागणीच्या आत दुकान बंद करायचं. रफिकभाईंना सांगते, दोघांनी एकदमच शटर ओढायचं. माल सगळा तिजोरीत. हातात पिशवी धरायचीच नाही."

"आणि तरीही आलेच तर?"

"तर मागतील ते देऊन टाकायचं, विलासभावजी. तुमच्या दादानं दिलं तसं."

घाटातून त्या संध्याकाळी थरथरत्या अंबादासला गाडीवर मागं बसवून घरी आणणारा विलासच होता. भावाला आणताना तो वाटभर रडत होता, हे कुंदाला माहीत आहे. आत्ताही तो दुसरीकडे बघतो, खिशातली गाडीची किल्ली काढतो, परत ठेवतो. मग मान हलवतो.

कुंदा पायऱ्या उतरते. शेजारून शिलाईयंत्राची घरघर चालू आहे. दाढेत काहीतरी अडकल्यासारखं तिला वाटतं. ती जिभेनं चाचपते, बोटाच्या चिमटीत धरून बाहेर काढते आणि उन्हात बघते. ज्वारीचा दाणा आहे. हिरवा, कोवळा, एका बाजूनं जरासा करपलेला. ह्या वर्षी घरात कुणी हुरडा आणलेला नाही. कोण आणणार?

"काय झालं वहिनी?" विलास विचारतो.

"काही नाही."

ती दाणा परत तोंडात टाकते आणि सावकाश चावते. गोड आहे.