बंद तोंड पुढे

सायकलच्या ब्रेकच्या रबराला पुढची आणि मागची बाजू असते, हे मला लग्नानंतर कळलं. रिमवर घासणारं ते काळं रबर एका छोट्या लोखंडी खोबणीत सरकवलेलं असतं. खोबणीचं एक टोक बंद, दुसरं उघडं. बंद टोक पुढे हवं. फिरतं चाक रबराला पुढे ओढतं, ते बंद टोकाला अडतं आणि चाक थांबतं. उलट बसवलं तर रबर उघड्या टोकातून निसटून जातं आणि हातात नुसती ब्रेकची मूठ राहते.

हे मला माझ्या बायकोनं आमच्या जिन्याखाली सांगितलं. आम्ही भाईंदर पश्चिमेला राहत होतो. तिचं माहेर जवळच्याच राई गावचं. तिथल्याच बालवाडीत ती शिकवायला जायची, रोज सायकलनं. सायकलची बारीकसारीक कामं ती स्वतः करायची: पंक्चर, उतरलेली चेन, ब्रेकची वायर. रविवारी सकाळी ती सायकल उलटी करून बसली की मी पायरीवर पुस्तक घेऊन बसायचो. मी मराठीचा मास्तर. माझ्या हातात पाना शोभला नसता आणि तिनं तो कधी दिलाही नाही.

"बघा, बंद तोंड फुडं," ती म्हणाली. "न्हायतर रबर निघालं माहेराला."

"माहेराला तर तूही रोज निघतेस."

"मी संध्याकाळी परत येते. रबर न्हाय येत."

पहिल्या मजल्यावरच्या गुजराती मावशी भाजी घेऊन येताना हमखास थांबायच्या. "अरे, दुकानवाले को दे दो ना. हाथ काले करती है."

"हाथ तो धुल जाते हैं, मासी. दुकानवाला अच्छा पुर्जा भी बदल देता है."

माझा मोठा भाऊ पेणकरपाड्याला राहायचा. तो आला की हे दृश्य बघून त्याला फार गंमत वाटायची. "या घरात पाना बाईच्या हातात आणि पुस्तक बाप्याच्या हातात. सगळंच उलटं!"

"भाऊजी, तुमच्या स्कूटरचा हॉर्न कधीपासून मुका हाय? आणा खाली, बोलता करते," ती मान वर न करता म्हणायची. भाऊ हसायचा, पण स्कूटर कधी आणली नाही.

त्या रविवारी तिनं पुढच्या ब्रेकची दोन्ही रबरं नवी घातली. मी पाहत होतो. बंद टोकं पुढे होती. चाक फिरवून, ब्रेक दाबून तिनं दोनतीनदा खात्री केली आणि हात धुवायला वर गेली.

त्याच आठवड्यात राईच्या रस्त्यावर ती पडली. पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला होता आणि चरावर नुसती खडी लोटून ठेवलेली होती. तिच्या मागून येणाऱ्या एका रिक्षावाल्यानं तिला दवाखान्यात आणलं. भला माणूस. मी पोचेपर्यंत तो थांबून होता. मला बघून म्हणाला, "ब्रेक नहीं लगा, साहब. मैडम सीधी गयी." ती शुद्धीवर आलीच नाही. त्यामुळे त्या रस्त्यावर काय झालं याची एवढीच साक्ष उरली. सायकलच्या मागून येणाऱ्या माणसाला पुढचा ब्रेक लागला की नाही हे कसं दिसतं, हे त्याला विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

माणसं भेटायला येऊ लागली. चहा नको म्हणायची, मग घ्यायची. थोड्या वेळानं आवाज खाली जायचा. "सायकल म्हणे तीच दुरुस्त करायची." "ब्रेक तिनंच बसवला होता म्हणे." कुणी वाईट हेतूनं बोलत नव्हतं. त्यांना एक कारण हवं होतं आणि ते फार सहज हाती आलं होतं. खणलेल्या रस्त्याचं नाव घेतलं तर पुढे भांडावं लागतं. मेलेल्या बाईची चूक काढली की चहा संपवून घरी जाता येतं. माझ्या सासूबाई भिंतीला टेकून हे सगळं ऐकत बसायच्या. एकदा फक्त म्हणाल्या, "माझ्या पोरीला आंधली समजलेत काय?" उत्तर देण्याआधी मला सायकल बघायची होती.

सायकल अपघाताच्या जागेजवळच्या एका सायकलच्या दुकानात ठेवली आहे, असं कळलं होतं; दिवस संपले की मी जाणार होतो. खोबण्यांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत, रबरं जागेवर आहेत का, एवढं बघायला क्षणभर पुरलं असतं. मग जो कोणी 'म्हणे' म्हणेल त्याला मी जिन्याखाली नेऊन दाखवणार होतो.

तेराव्याला भाऊच सायकल घेऊन आला. चाक सरळ, हँडल सरळ, नवी घंटी.

"सगळी नीट करून घेतली दुकानात," तो म्हणाला. "पुढची रबरं पण बदलली. दुकानदार म्हणाला, रबर गेलं होतं."

"गेलं होतं म्हणजे? झिजलं होतं, की निसटलं होतं?"

"गेलं होतं म्हणाला. मी काय व्याकरण विचारत बसू?"

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेलो. दुकानदार दुसऱ्याच कुणाची सायकल तपासत होता आणि गिऱ्हाइकाला सांगत होता, "रबर गया है, बदलना पड़ेगा." मी माझं विचारलं. त्यानं आठवायचा प्रयत्न केला, खरंच केला. "याद नहीं, साहब. पुराना माल तो फेंक देते हैं." सायकल आली तेव्हा रबर होतं का, हेही त्याला सांगता येईना.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. दुकानात दुरुस्त केलेल्या सायकलवरून माणूस पडला तर तो अपघात असतो. घरी दुरुस्त केलेल्या सायकलवरून पडला तर ती त्याची चूक असते. आपलं काम आपण करावं की नाही, यावर लोक वाद घालतात तो पैशांचा आणि वेळेचा. खरा प्रश्न, नंतर बोल कुणाला लावायचा हा असतो. दुकानात पैसे मोजून माणूस तेवढीच एक सोय विकत घेतो.

पुढच्या रविवारी भाऊ पुन्हा आला. त्याच्या मुलीला कॉलेजला जायला सायकल हवी होती. "पडून गंजण्यापेक्षा वापरात राहील. आता दुकानातून आलीय, काळजी नाही."

मी त्याच्याबरोबर खाली गेलो. कुलूप काढताना सहज पुढच्या चाकाकडे नजर गेली. डाव्या खोबणीचं बंद टोक पुढे होतं. उजव्या खोबणीचं उघडं टोक पुढे होतं.

"दादा, हे उलटं बसवलंय."

"काय उलटं?"

मी दाखवलं. तो वाकला, त्यानं बघितलं, उभा राहिला. "अरे, दुकानदारानं बसवलंय. त्याचा धंदा आहे तो. त्याला कळत नसेल?"

मी वर जाऊन तिची पान्यांची पिशवी आणली. नट सोडवताना हात दोनदा सटकला, बोट सोललं. खोबणी काढून फिरवली, पुन्हा बसवली, चाक फिरवून ब्रेक दाबला. हे सगळं मी पायरीवर बसून इतक्या वेळा पाहिलं होतं, पण हातांना त्यातलं काही माहीत नव्हतं. भाऊ शेजारी उभा होता.

मग म्हणाला, "तू हात लावायला नको होतास. आता पोरीला काही झालं तर?"

तो वाईट माणूस नाही. त्याला त्या क्षणी फक्त त्याची मुलगी दिसत होती. पण मी त्याच्याकडे न बघता पाने पिशवीत भरले.

"नेऊ नकोस मग," मी म्हणालो.

त्यानं मुलीला नवी सायकल घेतली. हल्ली मी सासूबाईंना भेटायला राईला जातो तो या सायकलनं. तो चर कधीच बुजवला आहे. रस्त्यावर डांबराचा एक जास्त काळा पट्टा तेवढा दिसतो. तिथं आलो की मी पुढचा ब्रेक दाबतो. दर वेळी लागतो. पण ती रबरं दुकानातली आहेत, आणि एक मी बसवलेलं. तिनं बसवलेली कुठल्या कचऱ्यात गेली, कुणालाच माहीत नाही.