काकांनी बाजू बदलली ती दुपार

टायपिस्टकाकांनी चौतीस वर्षं न्यायालयात जबान्या टंकल्या. वकील विचारायचा, साक्षीदार बोलायचा, काका टंकायचे. खून, फसवणूक, बायकोला मारहाण, शेजाऱ्याची भिंत पाडणं. साक्षीदार रडला तर तेही टंकायचं, पण कंसात. "मी लोकांचे हुंदके कंसात घालणारा माणूस," असं ते स्वतःबद्दल सांगत. हसत नसत.

ते निवृत्त झाल्यावर नऊ वर्षांनी मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायला आलो. मधली भिंत पातळ होती. पहिल्याच रविवारी दुपारी पलीकडून आवाज आला.

"मेलेला माणूस उठत नाही. एक तरी दाखव मला."

"एकच उठला, दाजी. तेच तर इतकी वर्षं सांगतोय."

भांडण लागलंय असं वाटून मी दार वाजवलं. काकूंनी उघडलं. हातात ओला टॉवेल होता.

"काही नाही रे, दर रविवारचं आहे हे," त्या म्हणाल्या. "आत ये. चहा झालाच आहे. तुला बघून तरी थांबतील."

थांबले नाहीत. मला मात्र त्यांच्या टेबलाशी कायमची खुर्ची मिळाली.

दाजी म्हणणारे काकूंचे धाकटे भाऊ. ते ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. सकाळची उपासना आटोपली की बहिणीकडे जेवायला यायचे. मीही त्यांना मामा म्हणू लागलो. जेवण झालं की चर्चेचं गुऱ्हाळ सुरू. येशू वधस्तंभावर खरंच मेला का आणि तिसऱ्या दिवशी कबरीतून खरंच उठला का, एवढाच विषय. दुसरा विषय त्या टेबलावर मी ऐकला नाही.

काकांची पद्धत त्यांच्या नोकरीतली होती. येशूबद्दल चौघांनी लिहिलेले चार वृत्तांत म्हणजे त्यांच्या लेखी चार जबान्या. त्यांनी एका मोठ्या कागदावर रकाने आखले होते. कबरीकडे कोण गेलं, आत कोण दिसलं, दगड कधी सरकला.

"एक म्हणतो, एक बाई गेली. दुसरा म्हणतो, दोघी. तिसरा म्हणतो, तिघी. चौथ्याने मोजायचंच सोडून दिलं," काका म्हणायचे. "आत एक जण होता की दोन, तेही ठरत नाही. आणि हे लिहिलं कधी? तीस-चाळीस वर्षांनी. आमच्याकडे तीन वर्षांत साक्षीदाराला मोटारीचा रंग आठवत नाही."

"मोटार आणि देवाचा पुत्र यात काही फरक आहे की नाही?"

"आहे ना. मोटारीचा नंबर तरी असतो."

काकू आतून ओरडायच्या, "मेला तो मेला, उठला तो उठला. चहा गार होतोय."

काकूंची श्रद्धा ही अशी होती. त्यांनी कधी वाद घातला नाही. पाणी उताराने वाहतं हे कुणी सिद्ध करत बसत नाही. दर रविवारी काका त्यांना प्रार्थनामंदिराच्या फाटकापर्यंत सोडायचे आणि बाहेर थांबायचे. आत कधी गेले नाहीत. "तुम्ही आत आलात तर सगळ्यांच्या जबान्या तपासत बसाल," काकू म्हणायच्या. त्यात तक्रार नव्हती.

गेल्या वर्षी काकूंचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. काकांनी आतल्या खोलीतला पलंग खिडकीपाशी सरकवला. औषधांच्या वेळांचा कागद केला, त्यालाही रकाने. दिवसभर खुर्चीत बसून राहायचे. संध्याकाळी मी दूध घेऊन गेलो की विचारायचे, "आज वार कुठला?"

एका रविवारी काकूंनी भावाला जवळ बोलावलं. मी दारात होतो.

"धाकट्या, माझ्या दफनाच्या वेळी तूच वाच. दुसरा कुणी नको."

"हो, ताई."

"आणि वाचायचं म्हणून वाचू नकोस. शाळेत तुझा धडा पाठ नसायचा, तरी घडाघडा म्हणायचास. मास्तर फसायचे. मी फसत नव्हते."

"हो, ताई."

"मनात असेल तर वाच. नसेल तर नुसतं गप्प उभं राहा. पण खोटं नको."

मामांनी मान डोलावली. त्या दिवशी वाद झाला नाही. काकांनी पहिल्यांदाच त्यांना रस्त्यापर्यंत पोचवलं.

पुढच्या रविवारी मामा आले ते जेवलेच नाहीत. काकू औषधाच्या गुंगीत होत्या. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. भात तसाच पडून होता.

"दाजी, तुम्ही दुसरा पाळक बघा," मामा म्हणाले.

काकांनी हात टेबलावर ठेवले.

"मला नाही जमायचं. तिला वाटतं तसा मी राहिलेलो नाही. दोन-तीन वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही." मामा टेबलाकडे बघत बोलत होते. "यंदा तर एकाच घरातली तिघं पुरली मी. दर वेळी वाचून झालं की सगळ्यांच्या आधी मी निघतो. घरच्यांबरोबर त्यांच्या घरी जायचं असतं ना. तिसऱ्या वेळी मागे राहिलो. खड्डा बुजवणारे फावडी धुऊन गेले. मी तासभर तिथेच. काहीच नव्हतं, दाजी. माती होती. मनात आलं, आपण तीस वर्षं हे काय सांगत आलो?"

काकांची बोटं टेबलावर हलत होती. समोरचा बोलू लागला की त्यांची बोटं आपोआप टंकायची. मामा थांबले आणि बोटंही थांबली.

"तुम्ही म्हणत होतात तेच खरं," मामा म्हणाले. "तुम्ही जिंकलात."

मला वाटलं, काकांना आता बरं वाटेल. एकवीस वर्षांचा वाद होता. काकांचा चेहरा मात्र असा झाला, जसा घरात चोर शिरून गेल्यावर होतो.

"ती फक्त तुझंच वाचणं मागतेय," ते म्हणाले. "दुसरा पाळक आणला तर तिला कळेल."

"खोटं वाचलं तरी कळेल."

"कळेल."

मग काका उठले, कपाटातून तो रकान्यांचा कागद काढला आणि भाताचं पातेलं बाजूला सारून पसरला.

"वधस्तंभावर मेला, हे मी कधी नाकारलंय?"

"नाही."

"का नाही? आपल्या पुढाऱ्याला चोरांच्या रांगेत, उघडं करून मारलं, असं कुणी मनाने रचून सांगत नाही. लाजेची गोष्ट माणूस रचत नाही, लपवतो. तेव्हा ते झालं. आता पुढे." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हे बघ. एकाची एक बाई, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन."

"तुम्हीच हे एकवीस वर्षं माझ्या तोंडावर फेकताय."

"फेकतोय. आता ऐक. चौतीस वर्षांत पढवलेले साक्षीदार मी किती पाहिले असतील? ओळखायचे कसे, ते मला न्यायाधीशांच्याही आधी कळायचं. चार जणांची जबानी शब्दाला शब्द सारखी. चौघंही म्हणणार, सव्वापाच वाजले होते, लाल दिवा होता. टंकताना माझी बोटं दुसऱ्या साक्षीदारापासूनच पुढे धावायची. आणि खरं बघितलेले चार जण? त्यांचं एकमेकांशी जुळत नाही. एकाला कुत्रं आठवतं, एकाला आठवत नाही. पण माणूस पडला, हे चौघंही सांगतात."

मामांनी कागदाकडे पाहिलं.

"आणि पहिले साक्षीदार कोण? बायका. त्या काळात बायकांची साक्ष कुणी धरत नव्हतं. रचायचंच होतं तर दोन प्रतिष्ठित पुरुष उभे केले असते ना? एवढी अक्कल कुठल्याही वकिलाला असते. आणि त्यातलं सगळ्यात जुनं लिखाण घे. जुन्या प्रतींत ते कुठे संपतं? बायका घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, तिथे. पढवलेली साक्ष तिथे संपत नाही रे. पढवलेल्या साक्षीला शेवट असतो."

मी काकांकडे बघत राहिलो. हा माणूस दर रविवारी नेमका याच कागदावरून उलटं बोलायचा.

"हे सगळं तुम्हाला आधीपासून दिसत होतं?" मामांनी विचारलं.

"दिसणारच. चौतीस वर्षं दुसरं काय केलं?"

"मग बोलला का नाहीत कधी?"

"त्या बाजूला तू होतास ना. दोघंही एकाच बाजूला बसलो असतो तर वाद कशावर घातला असता? तुला जेवायला बोलवायचं ते कशासाठी?"

मामा हसले. हसताना त्यांनी डोळे पुसले.

"म्हणजे तुम्ही मानता?"

काकांनी कागदाची घडी घालायला घेतली. जुन्या घडीवर ती बसत नव्हती. त्यांनी तीनदा प्रयत्न केला.

"ते खोटं बोलत नव्हते, एवढं मी शपथेवर सांगेन. त्यांनी काहीतरी पाहिलं. काय पाहिलं, ते मला सांगता येत नाही. मी तिथे नव्हतो."

"एवढ्यावर भागेल?"

"माझं नाही भागत. कधीच भागलं नाही. पण तुला स्वतःची खात्री दे, असं कुणी म्हणत नाहीये. त्या घाबरलेल्या बायकांवर विश्वास ठेव आणि त्यांचं म्हणणं वाचून दाखव. खोटं ठरणार नाही."

"बघतो," मामा म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला. बारीक झाला होता. "झालं का तुमचं?"

"झालं," काका म्हणाले.

"कोण जिंकलं?"

"धाकटा."

काकू म्हणाल्या, "बरं झालं. जिंकू द्या त्यालाही कधीतरी."

बुधवारी दुपारी त्या गेल्या. काका शेजारी होते. मी आलो तेव्हा ते काकूंच्या नखांना लागलेलं औषध कापसाने पुसत होते.

दफनाला आम्ही नऊ माणसं होतो. वारा होता आणि पानं उडत होती. मामांनी पुस्तक उघडलं. त्यांचा आवाज मोठा होता, सवयीचा. तीन-चार ओळी झाल्या. मग ते मेलेल्यांनी पुन्हा उठण्याच्या वाक्याशी आले आणि थांबले.

बराच वेळ थांबले. एका बाईंनी मान वर करून पाहिलं. काका माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी मान खालीच ठेवली होती. बोटं हलत नव्हती.

मामांनी ते वाक्य वाचलं. एकेक शब्द सुटा. पहिलीतलं मूल वाचतं तसं. मध्ये एकदा अडखळून मागे गेले, पुन्हा वाचलं. पुढचं सगळं तसंच. मला वाटतं, तेवढ्या पाऊण पानाला दहा मिनिटं लागली.

दफनभूमीच्या फाटकाशी मामा जवळ आले. "कसं झालं?"

"अडखळलास," काका म्हणाले.

"हो."

काकांनी त्यांच्या खांद्यावरचं वाळलेलं पान काढलं. "रविवारी जेवायला ये. मला स्वयंपाक येत नाही, ते धरून ये."

मी काकांना घरी आणलं. आतल्या खोलीतला पलंग अजून खिडकीपाशीच होता. ते बाहेरच्या खुर्चीत बसले आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. गाठ सुटेना. मी खाली बसून सोडवली. त्या रविवारपासून मला एकच गोष्ट खात होती.

"काका, मामांना त्या दुपारी सांगितलंत, ते खरं होतं की त्यांनी वाचावं म्हणून?"

"कुठलं?"

"ते खोटं बोलत नव्हते, हे."

"ते खरंच आहे." काकांनी डोळे मिटले. "पण तुला ते विचारायचं नाहीये. ती उठेल का, हे विचारायचंय."

मी हो म्हणालो.

ते खुर्चीत मागे टेकले. एका पायात बूट, दुसरा उघडा.

"दमलोय रे," ते म्हणाले. "उद्या विचार."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं नाही.