अम्मितचं वजन

"मागनं घोडा हाय हा," निंबाळकर सर माझ्या स्क्रीनकडं बघत म्हणाले. "पाणघोड्याच्या नावात घोडा हाय म्हणून घोडाच लावलासा व्हय?"

खरं होतं. घोडाच लावला होता.

निंबाळकर सरांचा हा स्टुडिओ कोल्हापुरात, राजारामपुरीत. बाहेरच्या कंपन्यांच्या व्हिडिओ गेममधली पात्रं आम्ही हलवतो, म्हणजे अ‍ॅनिमेट करतो. या गेमचा शेवटचा बॉस होता अम्मित. बॉस म्हणजे लेव्हलच्या शेवटी वाट अडवून बसलेला राक्षस. त्याला हरवल्याशिवाय सुटका नाही. अम्मित मूळची प्राचीन इजिप्तच्या पुराणातली. मेलेल्या माणसाचं काळीज तराजूच्या एका पारड्यात, दुसऱ्यात एक पीस. काळीज जड भरलं की अम्मित ते खाऊन टाकते. तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं.

बारा वर्षं मी या धंद्यात आहे. सैनिक, कुत्री, कावळे सगळं हलवलं. बॉस कधी मिळाला नव्हता. हा मिळाला आणि मी जुन्या गेममधली घोड्याची तयार चाल काढून त्या मागच्या पायांना जोडली. क्लायंटनं एका ओळीत परत पाठवली.

"आता हे तस्लीम करंल," सर म्हणाले. "तुम्ही लीड हायसा, तुम्ही रिव्ह्यू करा. तिचं प्रोबेशन संपतंय. हे पास झालं तर कायम करू."

तस्लीम गारगोटीची, लागून सहा महिनेही झाले नव्हते. वडील म्हशींचा व्यापार करतात. ती दोन दिवस गावी गेली, नदीतून वर चढणाऱ्या म्हशी मोबाईलवर शूट केल्या आणि आठवड्यात चाल करून आणली.

"पाणघोडा कुठं बघायला मिळणार सर? पण मागनं म्हस बी तशीच की. पोट लोंबतंय, बूड जड."

मी प्ले केलं. अम्मित पायरी चढली. आधी पुढचे पंजे, मग क्षणभर काहीच नाही, मग ते अवाढव्य बूड नाइलाजानं मागून वर आलं. मी चूक शोधली. सापडली नाही. तरी पुन्हा पहिल्यापासून शोधू लागलो. आज त्याला हेवा म्हणायला मला लाज वाटत नाही. तेव्हा मी त्याला क्वालिटी म्हणत होतो.

आमच्यात एक शब्द फार चालतो, वजन. स्क्रीनवरच्या वस्तूला मुळात वजन नसतंच. पाय उचलायला किती वेळ लागतो, टेकल्यावर अंग किती दबतं, यातून ते दाखवायचं. त्यामुळं कुणाच्याही कामाला 'वजन कमी' असं म्हणता येतं आणि समोरच्याला काही बोलता येत नाही.

ट्रॅकरवर, म्हणजे कामाचे शेरे जिथं नोंदवतात तिथं, मी लिहिलं, 'वजन कमी आहे.' तिनं वाढवलं. मी लिहिलं, 'अजून हवं.' तिनं अजून वाढवलं. इकडं ऑफिसभर 'तस्लीमची म्हस' गाजत होती. लोक खुर्च्या ओढून बघायला यायचे. माझा घोडा बघायला कुणी आलं नव्हतं. मी तिसऱ्यांदा लिहिलं, 'अजून.' त्यानंतर पास केलं. तोवर ती चाल खरोखर बिघडली होती आणि ते मला दिसत होतं.

क्लायंटच्या कॉलवर त्यांचा माणूस आमच्यासमोरच खेळला. अम्मितनं पाय उचलला. तो खाली येईपर्यंत हिरो तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून मोकळा. मिनिटाच्या आत बॉस खलास.

"हे असंच असेल तर बॉस आम्ही दुसरीकडून करून घेतो," तो इंग्रजीत शांतपणे म्हणाला.

सर लाल झाले. "तस्लीम, हे काय हाय?"

"वजन वाढवा म्हणून शेरा होता सर. तीनदा. मी वाढवलं की."

तिनं ट्रॅकर उघडला. तीन शेरे, तिन्हींखाली माझं नाव. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. क्लायंटनं पहिली चाल मागितली. तिनं ती ठेवली होती. त्या अम्मितनं त्याला लागोपाठ तीनदा खाल्लं. तो खुर्चीत मागं रेलून हसला आणि पास म्हणाला.

नंतर सरांनी मला केबिनमध्ये घेतलं. पहिली चाल लावली. "कुठं कमी होतं वजन? दाखवा."

बोट ठेवायला जागा नव्हती. "कुठंच नाही सर. जळलो मी."

"मग हे मला न्हाय, तिला सांगा."

सांगितलं. तस्लीम कीबोर्ड बाजूला सारून माझ्याकडं वळली. "मला वाटलं, मलाच दिसंना झालंय सर. तिसऱ्या शेऱ्याला राजीनामा टाईप केलता मी."

ती कायम झाली. अम्मितपुढं क्रेडिटमध्ये तिचं एकटीचं नाव आहे. तराजूचा सीन तेवढा उरला होता. त्यातलं पीस सरांनी मला दिलं. पारड्यात अलगद पडणारं एक पीस, बस्स. आणि रिव्ह्यूला तस्लीम.

सहा दिवस मी ते पीस पाडत होतो. तिचा शेरा आला, 'सर, वजन जास्त झालंय. फ्रेम बावीस ते तीस.' फ्रेम म्हणजे एकेक चित्र. सेकंदाला तीस लागतात. मी बावीसपासून एकेक तपासलं.

बरोबर होतं. तेव्हापासून फ्रेमचा नंबर सापडल्याशिवाय मी कुणाच्या कामावर शेरा लिहीत नाही.