शंभरपैकी चौतीस

हिंदी सिनेमावाल्यांनी उभ्या जन्मात एकाच बाईला घाबरायला हवं होतं, आणि ती भाईंदर पश्चिमेला आमच्या वरच्या मजल्यावर राहते हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ती माझी सख्खी आत्या. गिरगावातल्या एका शाळेत तीस वर्षं बीजगणित शिकवून निवृत्त झाली, भाईंदरला आली, आणि तपासायला पेपर उरले नाहीत म्हणून तिने सिनेमे तपासायला घेतले. दरवर्षी फिल्मी पुरस्कारांची नामांकनं छापून आली की ती पाचही सिनेमांच्या कॅसेटी मागवायची, भाड्याचा व्हीसीआर लावायची आणि मांडीवर वही घेऊन बसायची. प्रत्येकाला शंभरपैकी गुण, पस्तीसला पास, सगळं लाल शाईत. हिरो कॉलेजात जातो पण हातात एक पुस्तक नाही, पाच गुण कमी. झोपडीतल्या हिरॉइनला रोज नवी साडी, आणखी पाच. आम्ही डोळे पुसत असायचो, तेव्हा ही कॅसेट मागे घेऊन विचारायची, "बाहेर पाऊस पडतोय ना? मग हा कोरडा कसा आला?"

निकाल सोसायटीच्या फळ्यावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी लागायचा. पुरस्कार दुसऱ्याच सिनेमाला मिळाला, आणि तो बहुतेक दुसऱ्यालाच मिळायचा, की आत्या संयोजकांना पोस्टकार्ड टाकायची: फेरतपासणी करावी. उत्तर कधी आलं नाही. "लाजले असतील," ती म्हणायची. स्वतः मात्र तिने दिलेला गुण कधीच बदलला नाही. आम्ही गिरगावात राहायचो तेव्हा नववीत मी तिच्याच वर्गात होतो. मला चौतीस देऊन नापास केलं आणि त्याच संध्याकाळी माझ्यासाठी ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन घरी आली. करंज्या चौदा होत्या, गुण चौतीसच राहिले.

मग एका वर्षी तो सिनेमा आला. त्यातली आंधळी आई वीस वर्षांनी परतलेल्या मुलाला जिन्यावरच्या पावलांवरून ओळखते. अख्खी बिल्डिंग रडली. मी तर दोनदा रडलो. आत्याने तिथेच दहा गुण कापले. "पावलांवर काय नाव लिहिलेलं असतं?" चौतीस, नापास, पाचवा नंबर. मी दोन दिवस तिच्याशी भांडलो. त्या सिनेमाला पुरस्कार मिळाला तेव्हा आमचे गुजराती सेक्रेटरी फळ्यापाशी तिला हसून म्हणाले, "बाई, पूरा हिंदुस्तान एक तरफ, और आप अकेली एक तरफ!" आत्या आपल्या हिंदीत कडाडली, "साठ पोरं एकच गलत उत्तर लिखता था. साठ लोगों को शून्य दिया मैंने!" कोणीतरी यादी फाडली. तिने खळ लावून दुसरी चिकटवली, अक्षर आणखी मोठं काढून. खरं सांगतो, मला तिचा भयंकर राग आला होता आणि भयंकर अभिमानही वाटला होता.

पुढे काचबिंदूने तिचे डोळे गेले. मी म्हटलं, "तू ऐक, पडद्यावर काय चाललंय ते मी सांगतो." म्हणाली, "दुसऱ्याने वाचून दाखवलेला पेपर मी तपासत नाही." वही बंद झाली. फळ्यावर नुसतं पाण्याचं वेळापत्रक उरलं.

एका दुपारी मी तिच्यासाठी पिठलं घेऊन वर गेलो. दार उघडंच होतं. मी हाकही मारली नव्हती, तोच आतून आवाज आला, "ये. अजून चप्पल घासतच चालतोस."

मी डबा ठेवला. आत्या म्हणाली, "ती वही काढ. तो चौतीसवाला सिनेमा."

"दहा परत देऊ?" मी वही उघडत विचारलं.

"एक दे."

"अगं, दहा कापले होतेस!"

"पास झाला ना? बस झालं. गाणी फार होती."

मी आकडा खोडून पस्तीस लिहिलं. "लाल शाईनेच लिहिलंस ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. लाल शाईची बाटली कधीच सुकून गेली होती. आत्याशी आयुष्यात एकदाच खोटं बोललो, ते निळ्या बॉलपेनमधलं पस्तीस अजून माझ्याकडे आहे.