उसनी कौलं

मॅट्रिक झाल्यावरच्या हिवाळ्यात मी ठाण्याहून आंबिवलीजवळच्या एका गावी काकांकडे राहायला गेले. काका तिथल्या शाळेत एकटेच शिक्षक. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. पण लहान मुलांना अक्षरं गिरवायला बसवणं मला जमण्यासारखं होतं.

शाळा म्हणजे एक खोली. निम्म्या छपराची कौलं फुटलेली. भोकांतून उन्हाचे कवडसे पाट्यांवर पडत आणि मुलं ते बोटांनी झाकायला बघत. पावसाळ्यात मात्र शाळा भरतच नसे. मुली घरी बसत, त्या पुन्हा येत नसत. म्हणून काकांनी छपरासाठी सरकारी अनुदान मागितलं होतं. तपासणीचे साहेब छप्पर बघणार, मग ठरणार. गावात त्यांना 'दिपोटी' म्हणत.

साहेब येण्याच्या आदल्या संध्याकाळी पाहते तर पुरुषमंडळी शाळेवर चढलेली. आपापल्या गोठ्यांची, पडव्यांची कौलं उतरवून इथे घालत होती. खालून एक बाई टोपलीने कौलं पुरवत होती. तिची मुलगी चौथीत होती.

"अहो, राहू द्या!" काका कळवळून म्हणाले. "फुटकंच दिसू दे त्यांना."

"गुरुजी, तुम्ही शिकलेले ना?" बाई म्हणाली. "पावन्याला कुनी फाटकी गोधडी घालतं का?"

"गुरुजी घालतील," वरून कुणीतरी ओरडलं, "त्यांच्याकडं दुसरी हाय कुठं!"

सगळे हसले. काकाही हसले.

दुसऱ्या दिवशी दाराला तोरण, मुलं दिवाळीच्या कपड्यांत. साहेबांनी मान वर केली. "वा, छप्पर तर छान आहे!"

"साहेब, ही कौलं उसनी आहेत," काका म्हणाले.

"छ्या, शालेचीच हायेत!" गावचे पाटील घाईने म्हणाले. पाहुण्यासमोर उसनं कोण कबूल करणार?

साहेब गोंधळून माझ्याकडे बघू लागले. पाटलांना कळू नये म्हणून मी धीर करून इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. मग मला बाजूला घेऊन मराठीत म्हणाले, "पैसे एकाच शाळेपुरते आहेत. गोठ्याची कौलं काढून देऊ शकणारं गाव अगदीच गरजू आहे, असं मी कसं लिहू?"

 

दोन दिवसांत कौलं गोठ्यांवर परत गेली. थंडीने गुरं कुडकुडत होती. होळीच्या सुमारास कळलं, अनुदान पलीकडच्या गावाला मिळालं. तिथल्या शाळेला भिंतीच नव्हत्या. त्यांना द्यायला नको होतं, असं काकांनाही म्हणवेना.

मी ठाण्याला निघाले तेव्हा ती कौलं पुरवणारी बाई आपल्या ओटीवर बसली होती. शाळेची वेळ होती, तरी मुलगी शेजारी चिंचा फोडत होती.

"दिपोटी छान म्हनला व्हता ना छपराला?" तिने विचारलं.

"हो."

"मंग?"

मुलीने हातातली चिंच खाली ठेवली आणि तीही माझ्याकडे बघू लागली.